एकशे बारावी ओळ

गुरुवार. पाणी बंद.
पिंपावर ताट झाकलेलं, बादल्या रांगेत,
आणि मी आनंदनगरच्या या तिसऱ्या मजल्यावर
औशाच्या मुबीन देशमुखचा पॅच वाचत बसलेय.
इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणे.
सत्तेचाळीस ओळी.

सगळं सुरळीत झालं तर काय होईल
हे त्याने छान लिहिलंय.
सॉकेट उघडतो, बफर मागतो, टायमर लावतो,
पलीकडच्याला हाक मारतो, पलीकडचा ओ देतो.
इथवर सगळ्यांचाच हात सैल चालतो.
लग्नपत्रिकेत कोण छापतं,
वीज गेलीच तर?

मी वाचते ती दुसरी वाट.
ओ आलीच नाही तर?
एकशे बाराव्या ओळीवर फंक्शन म्हणतं,
उणे एक,
आणि निघून जातं.
बफर तिथेच, टायमर टिकटिकत,
सॉकेट सताड उघडं.

एकदा झालं तर कळतही नाही कुणाला.
पण सर्व्हर रात्रंदिवस जागा असतो.
दर फसलेल्या हाकेमागे एक दार उघडं राहतं,
आणि एक हजार चोवीस झाली
की पुढच्याला तो सांगतो, जागा नाही.
आत कुणीच नसतं.
जागा नाही.

लिहायला घेतलं:
मुबीन, गॅस पेटवताना आधी रेग्युलेटर, मग शेगडीची खुंटी.
विझवताना आधी खुंटी.
शेवटी घेतलेलं आधी सोडायचं.
मग जरा चढलेच.
दार उघडं टाकून जाणाऱ्याला आमच्या सोसायटीत
फळ्यावर नाव लिहून मान देतात,
असंही एक वाक्य झालं.

पाठवण्याआधी सहज पाहिलं, ओळ कुणाची.
त्या आज्ञेचं नावच ब्लेम.
मुबीनने ती फक्त चार जागा उजवीकडे सरकवली होती.
मूळ ओळ अकरा वर्षांपूर्वीची,
मार्च, पहाटे तीन दहा,
शलाका ओतूरकर.

माझं आधीचं आडनाव.
आठवून पाहिलं, काय चाललं होतं तेव्हा?
दुखणं नाही, मरण नाही, काहीच नाही.
कर्वेनगरची भाड्याची खोली, टेबलफॅन,
आणि चालतंय की.

अकरा वर्षं.
भोसरीच्या कुठल्याशा कारखान्यात
कुणीतरी दर पंधरा दिवसांनी यंत्र बंद करून चालू करत असेल,
का ते न कळता वहीत लिहीत असेल:
रीस्टार्ट केले. ठीक.

फळ्याचं वाक्य खोडलं.

साडेचारला पंप लागला.
वर सबनीसांचा नळ आधी खोकला, मग धो धो.
ते बेळगावला गेलेत.
जाताना फिरवून पाहिला असेल, कोरडा,
आणि कोरडा नळ उघडाय की बंद
हे कुणाला दिसतं?

गच्चीवर सात कॉक. ऑइलपेंटचे नंबर, त्यातले तीन पुसलेले.
एक बंद करायचा, जिन्यात येऊन कान लावायचा.
पुन्हा वर.
पाचव्याला आवाज थांबला.
मग चुकून बंद केलेले चार
उघडत आले, शेवटचा आधी.
पहिल्याला थबकले. हा मुळात उघडा होता ना?

खाली येऊन मुबीनला एवढंच लिहिलं:
एकशे बारावी ओळ माझी आहे. चुकलेली आहे.
तू दुरुस्त करतोस की मी करू?

पाच वाजून सहा मिनिटांनी उत्तर. हा मुलगा झोपतो कधी?
मॅडम, मीच करतो.
पण चौऱ्याण्णववर पण एक आहे तसंच.
सांगावं की नाही कळत नव्हतं.

पिंपावरचं ताट काढलं. चहाला पाणी घेतलं.
रेग्युलेटर. खुंटी.
चौऱ्याण्णव उघडली.

आहे.